बमकाकांची बंदूक

बारकोड वाचायच्या मशीनला चामड्याची खोळ शिवून ती कमरेच्या पट्ट्याला लटकवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय, आणि त्याच्या हाताखाली नोकरीही केली आहे. ती खोळ बमकाकांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, जुन्या पर्समधून निघालेली होती. पर्सची सोनेरी कडी खोळीला तशीच राहून गेली होती आणि काका चालायला लागले की ती खुळखुळायची. गोदामाच्या दुसऱ्या टोकाला कोणी नुसता बिडीचा विचार करत असला, तरी ती कडी ऐकून विचार बदलायचा.

नाव त्यांचं चांगलं लांबलचक होतं, पण त्या नावाने विचारलं असतं तर पुलगाव-नाचणगाव रस्त्यावर कोणी पत्ता सांगितला नसता. "बमकाका कुठी राह्यते?" म्हटलं की माणूस दारापर्यंत आणून सोडायचा. उभी नोकरी त्यांनी पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत, भांडारात काढली होती. निवृत्त झाले आणि आमच्या शेतकरी कंपनीने त्यांना गोदाम सांभाळायला ठेवून घेतलं. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी मिळून सोयाबीनचं बियाणं तयार करायचे. ते निवडून, कट्ट्यांत भरून पेरणीपर्यंत नाचणगावच्या आमच्या गोदामात ठेवायचं, असा सगळा कारभार. कट्टा म्हणजे आमच्याकडचं लहान पोतं. ते कोणी खांद्यावरून धाडकन टाकतं, कोणी त्यावर बसून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटतं, कोणी त्यावर दुपारची झोप काढतं. काकांच्या राज्यात यातलं काही चालायचं नाही.

डेपोबद्दल मात्र त्यांच्या तोंडून अक्षर निघत नसे. मी नवीन होते तेव्हा उगाच खोदून खोदून विचारायची.

"काका, डेपोत काय होतं हो?"

"माल होता."

"कसला?"

"झोपलेला."

"मग तुम्ही काय करायचे?"

"त्याले उठू देत नव्हतो."

झालं. यापुढे ब्रह्मदेव आला असता तरी त्याला उत्तर मिळालं नसतं.

गोदामाच्या फाटकाशी त्यांनी पत्र्याचा एक डबा ठेवला होता. आत जाणाऱ्याने काडीपेटी, बिडी, लायटर त्या डब्यात टाकायचं. इथवर ठीक आहे हो, गोदाम आहे, आग लागू शकते. पण खर्ऱ्याची पुडीसुद्धा डब्यात! मडावी मुकादम, म्हणजे आमच्या हमालांचा म्होरक्या, पहिल्याच दिवशी चिडला.

"काका, खर्रा काऊन? खर्रा कुठी पेटते?"

"खर्रा नाई पेटत, पण तो थुंकायले तू कोपरा धुंडशीन. कोपऱ्यात ओल येते. ओलीनं माल उठते. टाक डब्यात."

मडावीने पुडी टाकली, पण जाता जाता मला म्हणाला, "हा माणूस सोयाबीनले बम समजून राह्यला." तेव्हापासून ते बमकाका. त्यांना हे नाव कळलं तेव्हा राग येईल असं आम्हाला वाटलं होतं. उलट ते इतके खूश झाले की काकूंनाही जाऊन सांगितलं. काकू म्हणाल्या, "बरोबर हाय. घरात बी तेच हाय."

कट्टा आपटायचा नाही, हा त्यांचा पहिला कायदा. हमालांना सवय अशी, की पाठीवरून कट्टा आणायचा आणि थप्पीवर, म्हणजे रचलेल्या राशीवर, धप्पकन सोडायचा. तो धप्प आवाज म्हणजे त्यांच्या कामाची शान. काकांना तो आवाज ऐकू आला की ते असतील तिथून धावत सुटायचे. हातातला चहा, समोरचा माणूस, चालू असलेला फोन, सगळं तिथेच टाकून. "कोण आपटला? कोण आपटला बे? डेपोतला माल असता तं माफी मागायले बी टाइम भेटला नसता तुले!"

एकदा माझाच संयम सुटला. मी म्हटलं, "काका, हे सोयाबीन आहे. शेतकऱ्याचं सोयाबीन. ते फुटत नाही."

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसा काही मीच कट्टा आपटलाय. म्हणाले, "बाई, याच्यात जीव हाय. पातळ साल असते, जराशी आपटली का आतल्या आत मरते. काय फुटायचं ते वावरात फुटू दे. इथं नाई."

खरं सांगायचं तर तेव्हा मी मनात म्हटलं, म्हातारा चळलाय. माझी परिस्थितीच तशी होती. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून नागपुरात एसी ऑफिसात बसायची स्वप्नं पाहिलेली मी, आणि नशिबात आली सोयाबीनची धूळ. शिंकून शिंकून जीव हैराण. वर या माणसाने माझं नाव ठेवलं 'कॉम्प्युटर'. "ए कॉम्प्युटर, इकडे येजो जरा." हमालही तेच म्हणायला लागले. भाजीवालीपर्यंत पोचलं हो ते!

मला ठेवलं होतं ते नव्या यंत्रणेसाठी. संचालकांनी ठरवलं की आता तोंडी हिशेब पुरे, प्रत्येक कट्ट्याला बारकोडचं तिकीट लागणार. ते तिकीट हातातल्या मशीनने वाचलं की पडद्यावर सगळं उमटायचं: कोणाच्या शेतातलं बी, कोणत्या लॉटचं, कोणत्या थप्पीत, कितव्या थरात. गोदामातून बाहेर गेलं की कुठे गेलं तेही. सगळ्यांना धाकधूक होती ती काकांची. म्हातारा आता बखेडा घालणार, मशीन फेकून देणार, राजीनामा देणार, अशा पैजा लागल्या होत्या. मडावीने तर राजीनाम्यावर चहा लावला होता.

काकांनी मशीन हातात घेतलं. उलटंपालटं केलं. मग मला विचारलं, "हे कोणाच्या ओळखीनं काम करते का?"

"नाही."

"साहेब आला तं आकडा बदलते का?"

"नाही काका."

"मंग हे आपल्यातलं हाय," ते म्हणाले, आणि समोरच्या कट्ट्यावर रोखून त्यांनी बटण दाबलं. टीक्! त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "जिंदगीभर गोळ्या सांभाळल्या बाई," ते म्हणाले, "बंदूक आता भेटली."

मडावीला सगळ्यांना चहा पाजावा लागला.

दुसऱ्या दिवशी खोळ आली. तिसऱ्या दिवशी काका दिसेल त्यावर बंदूक चालवू लागले. टपरीवरच्या बिस्किटाच्या पुड्यावर, औषधांच्या पाकिटावर, काकूंच्या नव्या लुगड्याच्या लेबलावर. मशीनमध्ये फक्त आमचे कट्टे भरलेले, त्यामुळे बिस्किटं कुठून सापडणार? तर टपरीवाल्याला म्हणायचे, "हा माल आपला नाई," आणि पैसे देऊन तेच बिस्किट खायचे. त्यांचं एक वाक्य त्या काळात सगळ्या गोदामाने पाठ केलं होतं: "दिसला म्हंजे हाय असं नाई. बोलला म्हंजे हाय." टीक् वाजलं म्हणजे माल बोलला. कट्टा डोळ्यांसमोर असला, त्यावर हात ठेवून उभे असलो, तरी तो बोलल्याशिवाय काकांच्या लेखी तो जगात नव्हता.

रोज सकाळी ते हजेरी घ्यायचे. कोणाची? थप्प्यांची. प्रत्येक थप्पीवर बारकोड लावलेली पाटी: अ-एक, अ-दोन, अ-तीन. पाटीवर बंदूक रोखायची, टीक् झालं की पुढे. हमालांना ही मोठी करमणूक. काका मोठ्याने म्हणायचे, "अ-एक!" आणि मागून कोणीतरी नाकातल्या आवाजात ओरडायचं, "हजर गुरुजी!" काका मागे वळूनही पाहत नसत. मला वाटायचं, यांना कळत नाही का आपली टिंगल चाललीय ते. एक दिवस हमालांना ओरडायचा कंटाळा आला आणि ते गप्प राहिले, तर काका अ-दोनशी थांबूनच राहिले. "काऊन? आज अ-दोन गैरहजर हाय का?" मग हसत हसत सगळे ओरडले, "हजर!" तेव्हा कुठे गडी पुढे गेला.

पहिले आला तो पहिले जाईन, हा त्यांचा दुसरा कायदा. जुना माल आधी बाहेर, नवा मागून. गोदामात हे सगळीकडेच असतं, पण काका तो कायदा कमरेच्या बंदुकीसारखा घरीही घेऊन जायचे. काकूंनी मला एकदा जेवायला बोलावलं होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली चकचकीत भांडी, सगळं कसं लख्ख. ताटात लोणचं वाढताना काकू म्हणाल्या, "खाय वं बाई, मागच्या वर्षीचं हाय."

मी म्हटलं, "यंदा घातलं नाही का?"

"घातलं ना. पण जुनं सरल्याबिगर नवी बरणी उघडू देत नाई हा माणूस. जुनं सरेस्तोवर नवं जुनं होते. लग्न झाल्यापासून मी ताजं लोणचं खाल्लं नाई."

काका शांतपणे जेवत होते. "माल खराब झाला का कधी?" एवढंच म्हणाले.

आणि त्यांच्या भाचीच्या लग्नात तर कहर. विहारात लग्न लागलं, मागच्या मांडवात पंगतीची व्यवस्था काकांकडे. वऱ्हाडाची गाडी रस्त्यात बिघडली म्हणून नवरदेवाकडचे लोक उशिरा पोचलेले. पंगतीच्या दाराशी काका हात आडवा करून उभे. "मागचा माल मागे. पहिले आले ते पहिले बसतीन." नवरदेवाचा काका लाल! मुलीची आई रडकुंडीला! माणसं समजावताहेत, हे ऐकत नाहीत. शेवटी मीच कानात सांगितलं, "काका, डेपोत कधी तातडीचा माल नव्हता का जात?" ते थबकले. विचार केला. मग गंभीरपणे हात खाली घेतला आणि जाहीर केलं, "नवरदेवाकडचे, तातडीचा माल. जाऊ द्या!" वऱ्हाड आत गेलं आणि नवरदेवाचा काका जेवताना हसून हसून मठ्ठा सांडत होता.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं गमतीचं झालं, पण यंत्रणा चालली कशी? तर पहिल्या हंगामात ती चाललीच नाही. कारण ऐका. बियाण्याचं तिकीट कट्ट्याच्या तोंडाच्या शिवणीत शिवतात. आमच्याकडेही बारकोड तिथेच शिवला. आणि हमाल थप्पी लावतात ती कट्ट्याचं तोंड आत करून. तोंड बाहेर राहिलं तर शिवण उसवते, उंदीर तिथूनच कुरतडतो, कट्टे सरकतात. त्यामुळे थप्पी लागली की एकही तिकीट दिसेना! मशीन कट्ट्याच्या पाठीवर काय वाचणार? मी डोकं धरून बसले. काका गेले मडावीकडे.

"मडावी, तोंडं बाहेर कर."

"नाई."

"कर म्हणतो ना."

"काका, माह्या आज्यापासून थप्पी अशीच लागते. तोंड बाहेर ठेवलं तं लोक माह्यावर हासतीन. नाई म्हंजे नाई."

दोघांचं बोलणं बंद झालं. माझ्या तोंडून निरोप! "मडावीले सांग, आज तीन नंबरच्या दारानं माल येईन." "काकाले सांग, कळलं." अहो, दोघं एकमेकांपासून दोन हातांवर उभे असायचे. मी वैतागून म्हटलं, मला यासाठी डिप्लोमा करायला लावला होता का?

शेवटी एके दुपारी दोघं माझ्यासमोरच भडकले. आवाज चढले. मडावी ओरडला, "तोंड तं मी कोणाच्या बापाले फिरवू देनार नाई! एवढंच पायजे असन तं लावा तुमचं तिकीट शेपटीले!"

काका एक पाऊल पुढे आले.

"परत म्हण."

"काय परत म्हणू?"

"शेपटीले म्हटलं ना तू?"

मडावी घाबरला, त्याला वाटलं आता नोकरी गेली. काकांनी दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली. भर गोदामात! बंदूक मध्ये अडकली आणि टीक् वाजलं. त्या हंगामापासून बारकोड कट्ट्याच्या तळाच्या शिवणीत, रिकाम्या कट्ट्यालाच आधी शिवून घ्यायचा, अशी पद्धत पडली. तोंड आत, शेपूट बाहेर. थप्पीही सुंदर, तिकीटही समोर. संचालकांनी कौतुक केलं तेव्हा काका मडावीला पुढे ढकलून म्हणाले, "याची अक्कल हाय. पण बंदूक माही हाय." स्वतःच्या वाट्याचं कौतुक त्यांनी कधी सोडलं नाही.

मडावीची एक रीत काकांनी तशीच चालू दिली होती. हंगामाची पहिली थप्पी लागली की हमाल तिच्या तळाच्या कोपऱ्यातल्या कट्ट्याची पूजा करायचे. हळद, कुंकू, नारळाचं पाणी. तो कट्टा सगळ्यांत शेवटी गोदामाबाहेर निघायचा. तोपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. काका पूजाबिजा करणारे नव्हते, हात मागे बांधून लांब उभे राहायचे. पण नारळ फुटला की खोबऱ्याचा तुकडा मागून घ्यायचे. "तुयी पूजा तुह्यापाशी, खोबरं माह्यापाशी." त्यावर मडावीही हसायचा.

आणि मग आलं ते वडनेरचं प्रकरण.

पेरणी तोंडावर आली होती. आमच्या सभासदांचं सगळं बियाणं गोदामात, दोन दिवसांत वाटप सुरू होणार. वडनेरला एका कृषी केंद्रात आमचे काही कट्टे आधीच गेले होते. तिथल्या शेतकऱ्यांनी पेरणीआधी घरी ओल्या गोणपाटात दाणे ठेवून पाहिले, आणि निम्मे दाणे उगवलेच नाहीत. तक्रार झाली. सकाळी आमच्या फाटकाशी जीप थांबली आणि बियाणे निरीक्षक मॅडम उतरल्या.

काका डबा घेऊन समोर. "मॅडम, काडीपेटी ठेवा लागते."

"मी काय बिडी पिते का हो?"

"नियम हाय. मोबाइल चार्ज करायची डबी बी ठेवा. तिच्यात आग असते."

मॅडमनी पर्समधून पॉवर बँक काढून डब्यात टाकली. मला वाटलं, झालं, आता या कायमच्या बिघडल्या. पण बाई सरळ होत्या, रागावल्या नाहीत. त्यांनी स्वच्छ सांगितलं. वडनेरला गेलेल्या लॉटचे बाकीचे सगळे कट्टे संध्याकाळपर्यंत वेगळे काढून दाखवायचे. एकही कमी पडला, तर लॉट इतर मालात मिसळलाय असं धरावं लागेल, आणि मग सगळं गोदाम सील. तपासणीचा निकाल येईपर्यंत एक दाणा बाहेर जाणार नाही.

निकाल येईस्तोवर पेरणीची वेळ निघून गेली असती. एवढ्या गावांनी स्वतःच्या बियाण्यावर विसंबून बाजारात काही घेतलं नव्हतं. त्यात माझ्या वडिलांचंही वावर होतं, ते मी कोणाला बोलले नाही. काकांनी फक्त पट्टा घट्ट केला आणि म्हणाले, "कॉम्प्युटर, पडदा उघड. मडावी, माणसं बोलाव."

पडद्यावर सगळं होतं. किती कट्टे वडनेरला गेले, किती आत आहेत, कोणत्या थप्पीत, कोणत्या थरात. लॉट अ-एक आणि अ-चारमध्ये होता. हमालांनी थप्प्या उघडायला सुरुवात केली. कट्टा उतरला की काका टीक् करायचे, मी पडद्यावर खूण पाहायची, मडावी तो मॅडमसमोर नीट ठेवायचा. आपटणं नाही, फेकणं नाही. एवढ्या घाईतही एक धप्प वाजला नाही! मॅडम खुर्चीवरून हे पाहत होत्या. मध्येच म्हणाल्या, "सोयाबीन असं उचलणारे हमाल मी पहिल्यांदा पाहतेय." काकांनी ऐकलं, पण मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले होते.

दुपार कलली. रांग लागली. मी पडदा पाहिला, पुन्हा पाहिला. "काका... एक कमी आहे."

"कोणता?"

"अ-एकचा. तळाचा थर."

तळाचे काढलेले पुन्हा टीक् केले. नाही. अ-चार पुन्हा शोधली. नाही. बाजूच्या थप्प्या पाहिल्या. मॅडमनी घड्याळ पाहिलं, जीपमधून सीलचं सामान आणायला सांगितलं. काका, जे कधी गोदामात बसत नसत, ते खाली फरशीवर बसले. कडी एकदा खुळखुळली आणि थांबली. त्यांना असं बसलेलं पाहून मला रडूच आलं हो! इतके दिवस ज्यांच्या नावाने मी बोटं मोडली, त्यांच्यासाठी मला रडू आलं.

तेवढ्यात मडावी हळूच म्हणाला, "काका, एक राह्यला ना बापा."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो कोपऱ्याकडे बोट दाखवत होता. अ-एकची सगळी थप्पी उघडली होती, तरी कोपऱ्यातला एक कट्टा जागेवरच होता. पूजेचा. कोणी हातच लावला नव्हता. आमच्या कोणाच्या मनातही आलं नव्हतं, की तो कट्टा आहे. तो देवाचा होता ना!

काका उठले, धावले, बंदूक रोखली. शांतता. पुन्हा. शांतता. शेपटीवरच्या तिकिटावर हळद-कुंकवाचा वाळलेला जाड थर. नारळाच्या पाण्याने तो पक्का बसला होता.

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. "हा तोच असेल असं म्हणू नका. वाचून दाखवा."

"बोलला म्हंजेच हाय, मॅडम," काका म्हणाले. त्यांनी रुमाल काढला, हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. मग मडावीकडे वळले. "मडावी, पूजा तुयी हाय. शेवटचा निघेस्तोवर हात लावाचा नाई, हे तुह्यं हाय. मी नाई पुसणार. तू सांगशीन तसं."

सीलचं सामान घेऊन ड्रायव्हर दारात आला होता. मडावीने खांद्यावरचा दुपट्टा काढला, आपल्या बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि कट्ट्यापुढे गुडघे टेकले. पुटपुटला, "माय, रागावजो नको. तुह्याच लेकराईच्या पेरणीचं काम हाय." आणि हलक्या हाताने, लेकराचं तोंड पुसावं तसं, त्याने तिकीट पुसलं.

काकांनी कमरेची बंदूक कधी कोणाच्या हातात दिली नव्हती. मलासुद्धा मागून घ्यावी लागायची. त्या दिवशी त्यांनी ती मडावीच्या हातात दिली.

"मार."

"मी?"

"तूच. दाब."

मडावीने दोन्ही हातांनी ती धरली, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

टीक्!

आणि मग आमच्या सगळ्या हमालांनी, रोज सकाळी नाकातून टिंगल करणाऱ्या त्या सगळ्यांनी, छाती भरून आरोळी ठोकली, "हजर!" छपरावरची कबुतरं उडाली. मॅडम खळखळून हसल्या. मी पडद्याकडे पाहिलं, रडत होते म्हणून नीट दिसेना, पण खूण पडली होती. लॉट पूर्ण. एकही कट्टा कमी नाही, एकही मिसळलेला नाही. ड्रायव्हरला मॅडमनी हातानेच परत जायला सांगितलं.

तेवढा लॉट बाजूला राहिला आणि बाकीचं गोदाम मोकळं झालं. वाटप ठरल्या दिवशी सुरू झालं. बाजूला काढलेल्या एकाच लॉटची तपासणी म्हणून निकाल पेरणी सरायच्या आत आला, आणि त्यातही बी उत्तम उगवलं. वडनेरला टेम्पोतून कट्टे उतरवताना ते वरून खाली फेकले होते, हे तिथल्याच माणसाने मॅडमना सांगितलं. काकांनी हे ऐकलं आणि बदली कट्टे घेऊन स्वतः वडनेरला निघाले. टेम्पोत पुढे बसा म्हटलं तर ऐकेनात. मागे कट्ट्यांजवळ, दोन्ही हात त्यांच्यावर ठेवून उभे! तिथे उतरल्यावर हमालांना कट्टा कसा धरायचा हे शिकवलं, दुकानाच्या दाराशी एक डबा ठेवायला लावला, आणि परत आल्यावर मला म्हणाले, "चांगली माणसं हायेत. फक्त आपटत होते." आता काका घरी असतात, पण वडनेरच्या त्या दुकानात डबा अजून आहे. मी पाहून आले.

त्या हंगामाचा शेवटचा कट्टा निघाला तो पूजेचा. मडावीने तो पाठीवर घेतला, बाहेर नेला आणि टेम्पोत हळूच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा गोदाम रिकामं होतं. झाडून लख्ख केलेलं, फक्त पाट्या उभ्या. म्हटलं, आज तरी काका जरा उशिरा येतील. तेवढ्यात कडी खुळखुळली.

काका रिकाम्या अ-एकच्या पाटीसमोर उभे राहिले. बंदूक खोळीतच होती. नेहमीसारखं मोठ्याने म्हणाले, "अ-एक!"

हमाल एकमेकांकडे पाहू लागले. मग दारातून मडावीचा आवाज आला, मोकळा, मोठा, रस्त्यापर्यंत जाईल असा:

"पेरला!"

"अ-दोन!"

या वेळी सगळेच ओरडले. मीही ओरडले.

"पेरला!"

आणि काका पुढच्या पाटीकडे गेले.